पुढे तीन इंच, मागे लांब शॅकल: शाफ्ट आणि अलाइनमेंटचं गणित नेमकं कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडे डबल कॅब फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्समध्ये असते तशीच मांडणी. पावसाळ्यात बागेच्या काळ्या मातीत गाडी पोटावर बसते म्हणून ती उचलून घेतली. पुढे शॉकच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती) बसवून चाकाशी ३ इंच उंची मिळाली, मागे ५० मिमी जास्त लांबीची शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) घातली. आता ७०-८० च्या वेगात फरशीतून घूं-घूं येते, पुढच्या डाव्या शाफ्टचा बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटला, पुढचे टायर आतल्या कडेने झिजले आणि अलाइनमेंटवाला म्हणतो, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल) बसतच नाही. सगळं काढून गाडी मूळ उंचीवर आणावी का, असं विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. गाडी पूर्ण खाली आणायची गरज नाही. पुढची वाढ ३ इंचांवरून ४० मिमीच्या आसपास आणा, आणि तीही स्पेसरने नको, योग्य स्प्रिंग आणि त्याला जुळणाऱ्या लांबीच्या शॉकने. मागची लांब शॅकल काढून मूळ शॅकल लावा आणि २५ मिमी उंची जास्तीच्या पाट्याने घ्या. चारही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत. उंची इंचांत मोजली गेली, पण शाफ्ट, क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचा सांधा) आणि आर्म यांना इंच कळत नाहीत, त्यांना कोन कळतो. तेवढेच दोन इंच लांब शाफ्टला काहीच वाटत नाहीत आणि आखूड शाफ्टची वाट लावतात.

हिशेब बघा. १२०० मिमी लांबीच्या शाफ्टचं एक टोक ५० मिमी खाली गेलं तर कोन सुमारे २.४ अंशांनी वाढतो. शाफ्ट ६०० मिमीचा असेल तर तेवढ्याच ५० मिमीला ४.८ अंश. पुढच्या चाकाचा हाफ शाफ्ट दोन जॉइंटच्या मध्ये साधारण ३८० मिमी धरला तर ५० मिमीला साडेसात अंश आणि तुमच्या ७५ मिमीला ११ अंशांहून जास्त. म्हणून उंची वाढवल्यावर पहिला बळी पुढचा हाफ शाफ्टच जातो.

इथे एक गोष्ट पुष्कळ जण उलटी समजतात. पुढे विशबोन असलेल्या गाडीत पुढचा डिफरन्शियल चेसिसला बांधलेला असतो. गाडी उचलली की तोही गाडीबरोबर वर जातो, त्यामुळे ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) पुढे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतच नाही. बदलतो तो फक्त डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या हाफ शाफ्टचा. मागे अखंड अॅक्सल आहे, तिथे बरोबर उलटं: अॅक्सल चाकांबरोबर खालीच राहतो, गिअरबॉक्स वर जातो, आणि मधला प्रॉपेलर शाफ्ट कलतो. यावरून आणखी एक निघतं. मागच्या डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची सस्पेन्शन कितीही उचललं तरी एक मिलिमीटरही वाढत नाही. ती टायरने वाढते आणि तीही व्यासातल्या फरकाच्या निम्मीच. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६ घातला तर व्यास २८ मिमीने वाढतो, डिफरन्शियल १४ मिमी वर येतो. काळ्या मातीत गाडी अडकते ती पोटामुळे की मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यामुळे, हे एकदा चर पडलेल्या वाटेवर वाकून बघा. गोळा मातीत रुतत असेल तर लिफ्टवर घातलेला पैसा चुकीच्या जागी गेलाय. चिखलाचा टायर आणि बागेत शिरताना कमी केलेली हवा जास्त कामाची.

आता फाटलेला बूट. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या सीव्ही जॉइंटला (कोनातही सारख्या वेगाने फिरणारा सांधा) स्टिअरिंगसाठी मोठा कोन झेपतो, ४५ अंशांच्या घरातला. आतला जॉइंट लांबी कमी-जास्त होऊ देतो, पण कोनाला कमी पडतो, त्याची हद्द साधारण २३ ते २६ अंश. ही शेवटची हद्द झाली; रोज धावायचा कोन नव्हे. मूळ गाडीत उभ्या अवस्थेत ५-६ अंश असतील तर तुमच्या गाडीत ते १६-१७ झालेत. चाक खड्ड्यात लटकलं की आतला जॉइंट हद्दीला टेकतो. बूट मात्र त्याच्याही आधी जातो. गाडीखाली झोपून टॉर्च मारून बघा: चाकाकडच्या बुटाच्या घड्या वरच्या बाजूला एकमेकींवर दाबल्या गेलेल्या दिसतील, खालच्या बाजूला ताणून उघडलेल्या. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घडी एकदा घासते, एकदा ताणते. रबर गरम होतं, घडीच्या तळाशी केसाएवढी चीर पडते आणि ग्रीस बाहेर उडतं. रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर काळ्या ग्रीसचा पट्टा दिसला की चीर नक्की आहे. ते ग्रीस बोटांत चोळून बघा. मऊ असेल तर बूट बदलून, जॉइंट धुऊन, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस भरून भागेल. बोटांना रवा लागत असेल तर जॉइंटच्या गोळ्या आणि खाचा खरवडल्या गेल्या आहेत, नुसता नवा बूट घालून उपयोग नाही. वळताना टकटक आली तर बाहेरचा जॉइंट, सरळ चढावर दम देताना गाडी अंगात थरथरली तर आतला.

आणि हो, गाडी टूएचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) आहे म्हणून पुढच्या शाफ्टला आराम आहे असं समजू नका. लॉकिंग हब नसलेल्या गाडीत हाफ शाफ्ट चाकाला कायमचे जोडलेले असतात, डांबरी रस्त्यावरही ते फिरतच राहतात.

शॉकच्या डोक्यावरचा स्पेसर मला का नको आहे, ते सांगतो. शॉक लोअर आर्मच्या मधल्या भागात बसतो, चाक आर्मच्या टोकाला. त्यामुळे बऱ्याच पिकअपमध्ये स्पेसर जेवढा जाड, त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची चाकाशी मिळते. ३७-३८ मिमी स्पेसरला तुमचे ३ इंच. गंमत वाटते, पण तोच स्पेसर शॉक पूर्ण उघडतो ती जागाही तेवढीच खाली नेतो. म्हणजे चाक लटकतं तेव्हा ते मूळ मर्यादेच्या ७५ मिमी आणखी खाली जातं. बॉल जॉइंट, ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि हाफ शाफ्ट यांपैकी कशाचीही रचना त्या ७५ मिमीसाठी केलेली नसते. वरचा आर्म स्प्रिंगला टेकू लागतो; टेकलाय का ते स्प्रिंगवरच्या रंग उडालेल्या चकचकीत डागावरून कळतं. स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत घालायचा स्पेसर शॉकची उघडायची मर्यादा बदलत नाही, पण चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि मोकळ्या गाडीत प्रत्येक गतिरोधकावर शॉक वरच्या टोकाला ठोकतो. ४० मिमीपर्यंतची उंची योग्य दराच्या स्प्रिंगने घेतली तर हे दोन्ही टळतं.

डिफरन्शियल खाली घेण्याच्या किट मिळतात. २५ मिमी खाली घेतला तर हाफ शाफ्टचा कोन साधारण पावणेचार अंशांनी परत येतो. पण बहुतेक किट पुढचेच माउंट खाली घेतात. मग डिफरन्शियल तिरका होतो आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन, जो आतापर्यंत शाबूत होता, तोही बिघडतो. शिवाय ज्या पोटासाठी गाडी उचलली ते पोट २५ मिमी खाली. ४० मिमी लिफ्टला याची गरज नाही.

मागची घूं-घूं हा वेगळा विषय, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग सारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. ३ अंशांना हा फरक ०.१४ टक्के, ५ अंशांना ०.३८, १० अंशांना दीड टक्का. म्हणजे कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असेल आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत असतील तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पुसून टाकतो. कोन मोठा असण्यापेक्षा दोन कोन असमान असणं जास्त वाईट, ते यामुळे. फरक १ अंशाच्या आत हवा.

एक उदाहरण घेऊ. मूळ गाडीत गिअरबॉक्सचा उतार मागे ३ अंश, शाफ्टचा ५.५, पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा) ३. दोन्ही क्रॉसवर २.५ अंश, चूक पुसली जाते. आता अॅक्सल आणि पाटा यांच्या मध्ये ५० मिमीचा सपाट ब्लॉक टाकला तर शाफ्ट ७.९ वर जातो, पिनियन ३ वरच राहतो, दोन्ही क्रॉसवर ४.९. कोन वाढले, पण समान. आता तुमची शॅकल. ५० मिमी लांब शॅकलने अॅक्सलला मिळतात २५ मिमीच, कारण पाट्याचं पुढचं टोक हललेलंच नाही. शाफ्ट ६.७ वर गेला. पण १२०० मिमी लांब पाट्याचं मागचं टोक ५० मिमी खाली आल्याने पाट्याबरोबर अॅक्सलही २.४ अंश फिरला आणि पिनियनचं नाक वर आलं: ३ चे ५.४ झाले. पुढच्या क्रॉसवर ३.७, मागच्यावर १.३. फरक २.४ अंश. नाक वर आल्याने शाफ्टचा उतार किंचित कमी होतो ते इथे धरलेलं नाही, पण फरक तोच राहतो. म्हणजे २५ मिमी उंची देणाऱ्या शॅकलने ५० मिमीच्या ब्लॉकपेक्षा जास्त थरथर आणली. म्हणून गॅरेजमध्ये ‘एक इंचाने काय होतंय’ असं कोणी म्हटलं तर आधी तो एक इंच कशाने घेतला ते विचारा.

ही थरथर शाफ्टचीच आहे हे ओळखायची रीत आहे. २४५/७० आर १६ टायर ८० च्या वेगात सेकंदाला साडेनऊ फेरे घेतो. अॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ४.१ धरला तर शाफ्ट सेकंदाला ३९ फेरे, मिनिटाला २३०० च्या वर. क्रॉसचा धक्का फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला ७७-७८. इतक्या जलद धक्क्यांनी काही हलताना दिसत नाही, आवाज येतो. म्हणून सीट किंवा स्टिअरिंग हलत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग बघा. फरशीतून गुणगुण येत असेल तर शाफ्ट. अॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलला तर कोनाचा दोष, वेग तोच असताना दम दिला-सोडला तरी आवाज तसाच राहिला तर शाफ्टचं बॅलन्सिंग किंवा सेंटर बेअरिंग (दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये आधार देणारं).

लांब व्हीलबेसच्या बहुतेक पिकअपला शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. पहिला तुकडा गिअरबॉक्स आणि सेंटर बेअरिंगमध्ये अडकलेला, तो कलत नाही. सगळा बदल मागच्या आखूड तुकड्यावर येतो. अशा गाडीत पहिल्या गिअरमध्ये निघताना धड-धड होते. सेंटर बेअरिंगखाली १० ते १५ मिमीचे स्पेसर देऊन कोन वाटून घेता येतो, पण मग तिन्ही जॉइंट पुन्हा मोजायचे.

मोजणी अशी करा. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर वजन, गिअर न्यूट्रल, चाकांना ठोकळे. चुंबकी तळ असलेला डिजिटल कोनमापक घ्या. मोबाइल शाफ्टच्या गोलाईवर नीट टेकत नाही, अर्धा अंश इथेच चुकतो. गिअरबॉक्सच्या फ्लॅंजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लॅंजवर असे तीन आकडे लिहून काढा. फ्लॅंजचा सपाट तोंडवळा मोजलात तर तो अक्षाला काटकोनात आहे हे धरून हिशेब करा. शाफ्ट खोलण्याआधी स्लिप योक आणि नळी यांवर ऑइल पेंटने एकच सरळ रेघ मारा. जोडताना स्प्लाइनचा एक दात जरी चुकला तरी योक एका रेषेत राहत नाहीत आणि कोन बरोबर असूनही गाडी गुणगुणत राहते. हाच दोष शोधताना क्रॉस, बेअरिंग, टायर सगळं बदलून झालेलं असतं. स्प्लाइनवर नवा चमकदार भाग बाहेर आलाय का तेही बघा. शाफ्ट कलला की त्याला लांबी जास्त लागते आणि मागचा अॅक्सल लटकल्यावर पकड किती उरते ते महत्त्वाचं.

लांब शॅकल तूर्त ठेवायचीच असेल तर अडीच अंशाची पाचर अॅक्सलच्या बैठकीवर घाला. पाटा अॅक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे, म्हणजे पिनियनचं नाक खाली येतं. पाचर लोखंडाची घ्या, अॅल्युमिनियमची दाबाने तडकते. सेंटर बोल्ट तेवढा लांब हवा, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर अॅक्सल तिरका सरकतो. यू-बोल्ट नवेच, एकदा ताणलेले पुन्हा वापरू नका. जास्तीच्या पाट्याने २५ मिमी घेतलेत तर पिनियन जवळपास जागेवर राहतो, दोन्ही क्रॉसवर ३.७ येतात आणि पाचर लागत नाही. पुढच्या अॅक्सलवर ब्लॉक आणि ब्लॉकवर ब्लॉक हे दोन्ही कधीच करू नका. ब्रेक मारताना अॅक्सल पिळला जातो आणि ब्लॉक निसटतो.

आता अलाइनमेंट. कॅम्बर कुठल्या बाजूला जाईल हे वरच्या आर्मवर ठरतं. तो मुळात बाहेरच्या टोकाला वर चढलेला असेल तर गाडी उचलताना आधी चाकाचा माथा बाहेर जातो. तो आडवा होऊन खाली झुकू लागला की माथा आत ओढला जातो, कारण वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो आणि आखूड आर्म तेवढ्याच उतरणीला जास्त आत वळतो. ७५ मिमीला बहुधा तुमचा आर्म चांगलाच झुकलाय. आतली कड झिजणं त्याच्याशी जुळतं. बऱ्याच पिकअपमध्ये याच वेळी कास्टरही (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो, मग स्टिअरिंग वळणानंतर आपणहून परत येत नाही आणि गाडी मुंबई हायवेवर भरकटल्यासारखी चालते. लोअर आर्मच्या दोन कॅम बोल्टनी कॅम्बर आणि कास्टर दोन्ही साधायचे असतात. कॅम्बर ओढून आणताना सगळी रेंज तिथेच खर्च होते, कास्टरला काही उरत नाही. अलाइनमेंटवाला खरं बोलतोय. दोष त्याच्या मशीनचा नाही. ४० मिमीला कॅम बोल्ट पुरतात. त्यापुढे बॉल जॉइंटचा कोन बदललेला नवा वरचा आर्मच लागतो.

टो (चाकाचं पुढचं टोक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) मात्र सगळ्यात महाग पडतो. टायरॉडचा (स्टिअरिंगचा रॅक चाकाला जोडणारा दांडा) उतार वाढला की तो चाकाला आत ओढतो आणि रॅक अॅक्सलच्या पुढे आहे की मागे त्याप्रमाणे टो-इन किंवा टो-आउट होतो. एका चाकाला पाव अंश टो चुकला तर ते चाक दर किलोमीटरला ४ मीटरहून जास्त आडवं घासतं. नाशिक ते मुंबईच्या सुमारे १७० किलोमीटरमध्ये पाऊण किलोमीटर टायर आडवा ओढला गेला असं समजा. टायरवर तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो, एकसारखा आत उतरत गेलेला असेल तर कॅम्बर.

काम झाल्यावर आर्मच्या आणि शॅकलच्या बुशांचे बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत्या चाकाला आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो, गाडी उंच उभी राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत बुश फाटतो. अलाइनमेंट करताना आधी मागचा अॅक्सल सरळ आहे का ते, मग कास्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो. हाच क्रम.

जिम्नीसारख्या पुढेही अखंड अॅक्सल असलेल्या गाड्यांना कॅम्बरचा प्रश्न येत नाही, तिथे कास्टर जातो. बुश बदलून कास्टर परत आणला की पिनियनचं नाक खाली जातं, कारण दोन्ही एकाच घरात आहेत. तिथे दोघांच्या मधला आकडा पत्करावा लागतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. मागच्या अॅक्सलला सळईने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर गाडी उचलल्यावर त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. क्रेट भरून सप्तशृंगीचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना हे अंगाशी येईल. सळईची जागा उंचीप्रमाणे बदलून घ्या. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. उंचीच्या कामाआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या.

बसवणी झाल्यावर चेसिसखाली स्टॅंड लावून चाकं पूर्ण लटकवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन शाफ्ट हाताने फिरवा. कुठे अडला, ब्रेकचा होज ताणला, तर तिथेच थांबा. १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, ५०० नंतर पाटे बसले की अलाइनमेंट पुन्हा बघा. हेडलाइटचा झोत खाली घ्या. मागचे तीन कोन एकदा रिकाम्या गाडीत आणि एकदा हंगामात जेवढे क्रेट भरता तेवढे भरून मोजा. तुमची गाडी सर्वांत जास्त किलोमीटर ज्या वजनावर धावते, पिनियनचा कोन त्या आकड्याला जुळवून घ्या.